विंडोज नको असेल तर लॅपटॉप कसा विकत घ्यावा

भारतात लॅपटॉपच्या बिलावर यंत्राची एकच किंमत छापलेली असते. तिच्यात विंडोजच्या परवान्याचे पैसे किती, हे ग्राहकाला कुठेच दिसत नाही आणि त्या न दिसणाऱ्या रकमेवरही तो १८ टक्के जीएसटी भरतो. ज्याला विंडोज वापरायचे आहे त्याची याबद्दल काही तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु जो माणूस घरी आल्याबरोबर डिस्क पुसून लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस), म्हणजे तिच्या उबुंटू, फेडोरा किंवा डेबियन या प्रकारांपैकी एक टाकणार आहे, त्याने न वापरण्याच्या वस्तूचे पैसे का द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे. असा लॅपटॉप आपल्याकडे मिळतो. मात्र तो मागून घ्यावा लागतो, आणि मागताना नेमके काय मागायचे हे ठाऊक असावे लागते. सगळी मेहनत पैसे देण्याआधीची आहे. एकदा पैसे दिले की जवळजवळ सर्व पत्ते विक्रेत्याच्या हाती जातात, म्हणून पुढील मजकुरातला मोठा भाग खरेदीपूर्वीच्या तयारीचा आहे.

आधी गरज तपासून घ्या

विंडोज नको, हा निर्णय पक्का करण्यापूर्वी आपली रोजची कामे कागदावर लिहून काढावीत. हिशेबासाठी टॅलीप्राइम लागत असेल, तर ते विंडोजसाठीच बनलेले आहे. डीटीपीचे काम करणाऱ्यांच्या जुन्या फाइली श्रीलिपी किंवा आयएसएमच्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतील, तर त्या लिनक्सवर उघडून तशाच छापता येतील या भरवशावर राहू नये. जीएसटी, प्राप्तिकर किंवा ई-निविदांसाठी डिजिटल सहीचे यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी त्या टोकनाचा लिनक्ससाठी ड्रायव्हर मिळतो का आणि संबंधित पोर्टलवर सही होते का, हे दुसऱ्या कुणाच्या लिनक्स यंत्रावर प्रत्यक्ष करून पाहावे. ब्राउझर, लिबरऑफिस, प्रोग्रॅमिंग, लेखन, ऑनलाइन वर्ग आणि व्हिडिओ कॉल एवढ्यावर ज्यांचे काम भागते, त्यांना मात्र विंडोजवाचून अडण्याचे कारण नाही.

शाळा, महाविद्यालये आणि छोटी कार्यालये यांनी एक बाब विशेष लक्षात घ्यावी. मायक्रोसॉफ्टचा विंडोजसाठीचा व्हॉल्यूम परवाना (अनेक यंत्रांसाठी एकगठ्ठा घेतलेला) हा अपग्रेडचा परवाना असतो. म्हणजे ज्या यंत्रावर तो वापरायचा त्या यंत्राकडे आधीपासून पात्र मूळ परवाना असावा लागतो. ‘आमच्याकडे व्हॉल्यूम लायसन्स आहे, म्हणून डॉसचे (म्हणजे विंडोज नसलेले) लॅपटॉप मागवू’ असे ठरवून पन्नास यंत्रांची ऑर्डर देणारी संस्था अशा वेळी परवान्याच्या दृष्टीने उघडी पडते. सर्व यंत्रांवर लिनक्सच चालणार असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही.

बाजारात ‘डॉस’ म्हणजे काय

दुकानात ‘विंडोजशिवाय लॅपटॉप’ म्हटले की विक्रेता त्याला ‘डॉसवाला’ म्हणतो. हा डॉस म्हणजे बहुतेक वेळा फ्रीडॉस. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प आहे. लॅपटॉपवर तो नाममात्र असतो. यंत्र सुरू केले की काळ्या पडद्यावर सी ड्राइव्हची ओळ लुकलुकते आणि पुढे काहीच होत नाही. काही नव्या यंत्रांमध्ये यंत्र सुरू करणारा जुन्या पद्धतीचा बायोस हा मूळ प्रोग्रॅमच उरलेला नसल्यामुळे फ्रीडॉस एका छोट्या लिनक्सच्या आत आभासी यंत्रात चालवून दाखवलेला असतो. ते पाहून लॅपटॉप बिघडला असे समजू नये. तो पुसून टाकण्यासाठीच आहे.

डॉसखेरीज आणखी काही प्रकार भेटतात. डेलने भारतात व्होस्ट्रो, इन्स्पिरॉन आणि लॅटिट्यूड या मालिकांतील काही मॉडेल उबुंटूसह विकली आहेत, आणि आसुसची काही विवोबुक एंडलेस ओएस या लिनक्सच्याच प्रकारासह आली आहेत. लेनोवोने २०२० मध्ये थिंकपॅडच्या अनेक मॉडेलांसाठी लिनक्सचे प्रमाणीकरण जाहीर केले आणि काही मॉडेल फेडोरासह उपलब्ध केली. निवड करता येत असेल तर माझे मत उबुंटू किंवा फेडोरासह येणाऱ्या यंत्राच्या बाजूने आहे, कारण त्या यंत्राचे वाय-फाय, आवाज आणि झोपून पुन्हा जागे होणे हे सर्व लिनक्सवर चालते की नाही, हे कंपनीने स्वतः तपासलेले असते. ‘डॉस’ या शब्दातून तशी कोणतीही हमी मिळत नाही.

आता त्या वाक्याविषयी, जे डॉसचा लॅपटॉप मागणाऱ्या प्रत्येकाला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत कधी ना कधी ऐकावे लागते: ‘दादा, डॉसचाच घ्या, विंडोज आम्ही टाकून देतो, ऑफिससकट.’ आपल्याकडे डॉसच्या लॅपटॉपला जो ग्राहक आहे, त्यातला मोठा वर्ग याच आश्वासनावर तो घेतो. हे चोरीचे विंडोज असते. ते चालू करण्यासाठी जे ‘ॲक्टिव्हेटर’ वापरतात, ते चालवताना अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्यांतून यंत्रात काय शिरले हे पुढे कुणी तपासत नाही. ज्याच्या बँकेचे व्यवहार त्याच यंत्रावर होणार आहेत, त्याने ही भेट नम्रपणे पण ठामपणे नाकारावी. खोका सीलबंद हवा, आतले काहीही बदलू नका, असे आधीच सांगावे. नाहीतर आपण चहा पिईपर्यंत ‘सेवा’ उरकलेली असते.

मॉडेलचे नाव पुरेसे नाही, पार्ट नंबर घ्या

सर्वांत जास्त फसगत इथे होते. ‘आयडियापॅड’, ‘विवोबुक’ किंवा ‘एचपी १५’ ही कुटुंबाची नावे आहेत. एकाच नावाखाली दहा-दहा वेगवेगळी यंत्रे विकली जातात. त्यांना वेगळे ओळखण्याचे साधन म्हणजे खोक्यावर छापलेला पूर्ण पार्ट नंबर. लेनोवोच्या भारतातील अनेक पार्ट नंबरच्या शेवटी ‘आयएन’ ही अक्षरे असतात, तर एचपीच्या प्रॉडक्ट नंबरनंतर हॅशचे चिन्ह आणि ‘एसीजे’ असे येते. हा नंबर हाती आला की कंपनीच्याच संकेतस्थळावर त्या नेमक्या यंत्राची माहिती उघडावी. लेनोवोने यासाठी पीएसआरईएफ नावाची सूची ठेवली आहे आणि तिच्यात ऑपरेटिंग सिस्टिमच्या रकान्यात ‘विंडोज ११ होम’, ‘फ्रीडॉस’ किंवा ‘नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असते.

डॉसचा पार्ट नंबर आणि विंडोजचा पार्ट नंबर समोरासमोर ठेवून ओळीने तुलना करावी. फरक फक्त ओएसचा असेल असे धरून चालू नये. डॉसच्या यंत्राचा पडदा पुष्कळदा मंद प्रकाशाचा टीएन जातीचा असतो, रॅम ८ जीबी आणि तीही बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते, कीबोर्डला दिवे नसतात, एसएसडी निम्म्या क्षमतेची असते, किंवा घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्या ऑनसाइट वॉरंटीऐवजी सर्व्हिस सेंटरला नेऊन देण्याची वॉरंटी असते. किमतीतला दिसणारा फरक मग परवान्याचा नसून या सर्व कपातींचा असतो. उलट बाजूने, सणासुदीच्या सवलतीत विंडोजसहचे तेच यंत्र डॉसपेक्षा स्वस्त पडते असेही घडते. कारण विंडोजची मॉडेल हजारोंच्या संख्येने येतात आणि डॉसची मोजकी. तत्त्वासाठी किती पैसे जास्त द्यायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, पण तुलना न करता ठरवू नये.

मॉलमधल्या साखळी दुकानांत डॉसचे यंत्र क्वचितच मिळते. ते कंपन्यांना आणि संस्थांना माल पुरवणाऱ्या विक्रेत्यांकडे असते, म्हणून शोध ग्राहकांसाठीच्या चकचकीत मालिकांपेक्षा धंद्यासाठीच्या मालिकांत करावा: एचपीच्या २४० आणि २५० मालिका, प्रोबुक, लेनोवोचे थिंकपॅड ई आणि थिंकबुक, डेलचे व्होस्ट्रो आणि लॅटिट्यूड (२०२५ पासून डेलने ही नावे बदलून धंद्याच्या मालिकेला ‘डेल प्रो’ म्हटले आहे). अशा विक्रेत्याला फोन करताना ‘डॉसमध्ये काय आहे’ असे मोघम न विचारता पार्ट नंबर सांगून ‘हा आहे का, नसेल तर किती दिवसांत मागवाल’ असे विचारावे. ऑनलाइन घेताना उत्पादनाच्या मथळ्यावर विश्वास न ठेवता खालच्या तपशिलातला ओएसचा रकाना आणि पार्ट नंबर या दोन्हींचे चित्र जपून ठेवावे. वेगळेच यंत्र आले तर तक्रारीला तोच पुरावा.

लिनक्स चालेल का, हे आतल्या चिपा सांगतात

ओएस नसलेला लॅपटॉप मिळाला आणि त्यावर वाय-फायच चालले नाही, तर सगळा खटाटोप वाया जातो. वाय-फायसाठी इंटेलची चिप सर्वांत कमी त्रास देते. रियलटेक आणि मीडियाटेकच्या नव्या चिपाही आता चालतात, पण त्यांचा आधार लिनक्सच्या गाभ्यात म्हणजे कर्नेलमध्ये त्या मानाने उशिरा आला आहे. त्यामुळे अशा यंत्रावर दोन-तीन वर्षे जुनी लिनक्सची आवृत्ती टाकली तर नेटवर्क दिसतच नाही. ग्राफिक्समध्ये इंटेल आणि एएमडी यांचे ड्रायव्हर कर्नेलसोबतच येतात. एनव्हिडियाचे स्वतंत्र कार्ड असल्यास त्याचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो, आणि ज्याला खेळ किंवा मशिन लर्निंग करायचे नाही त्याने ते कार्ड टाळलेले बरे.

आणखी तीन जागा धोक्याच्या आहेत. अगदी पातळ, महागड्या इंटेल लॅपटॉपमध्ये अलीकडे यूएसबीऐवजी आयपीयू६ या पद्धतीने जोडलेला कॅमेरा येतो आणि तो लिनक्सवर चालवणे जिकिरीचे ठरते. बोटांच्या ठशांचे काही वाचक, विशेषतः गुडिक्सच्या काही चिपा, चालत नाहीत. आणि स्नॅपड्रॅगनवर चालणारे नवे लॅपटॉप, त्यांची बॅटरी कितीही टिकत असली तरी, लिनक्ससाठी सध्या घेऊ नयेत.

माहिती मिळवण्याची ठिकाणे ठरलेली आहेत. उबुंटूच्या प्रमाणित हार्डवेअरच्या यादीत मॉडेल शोधावे, आर्च लिनक्सच्या विकीवर लॅपटॉपची पाने पाहावीत. त्याचबरोबर फार कमी ग्राहक विचारतात तो एक प्रश्न विचारावा: या यंत्राचा बायोस विंडोजशिवाय अद्ययावत करता येतो का? कित्येक कंपन्या बायोसची नवी आवृत्ती विंडोजवर चालणाऱ्या फाइलीतूनच देतात. डेल, लेनोवो आणि एचपी यांची अनेक धंद्यासाठीची मॉडेल ‘लिनक्स व्हेंडर फर्मवेअर सर्व्हिस’ या सेवेत नोंदलेली आहेत आणि त्यांचा बायोस लिनक्समधूनच थेट अद्ययावत होतो. बायोसमधील सुरक्षेच्या त्रुटी वर्षानुवर्षे निघत राहतात. चार-पाच वर्षे वापरायच्या यंत्रासाठी हा मुद्दा पडद्याच्या रंगांपेक्षा महत्त्वाचा मानावा.

दुकानात आणि बिलावर

जाताना उबुंटू किंवा फेडोराची थेट चालणारी पेनड्राइव्ह सोबत न्यावी. ती घरच्या कुठल्याही संगणकावर रूफस, व्हेंटॉय किंवा बलेना एचर यांपैकी एका साधनाने तयार होते. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला खोका समोर उघडायला सांगावे, पार्ट नंबर आणि सिरियल नंबर खोक्यावर व यंत्राच्या तळाशी जुळतात का ते पाहावे, आणि मग पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करावे. बूटची यादी आणण्यासाठी डेल आणि लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९ आणि आसुसवर एस्केप ही कळ सहसा चालते. थेट लिनक्समध्ये काही बसवावे लागत नाही, त्यामुळे विक्रेत्याचेही नुकसान नाही. दहा मिनिटांत वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, पडद्याचा उजेड आणि एचडीएमआय तपासून होतात. झाकण मिटून पुन्हा उघडून पाहायला विसरू नये.

याच वेळी परवान्याचीही खात्री करून घेता येते. विंडोज ८ च्या काळापासून कंपन्या विंडोजची किल्ली यंत्राच्या फर्मवेअरमध्येच (डिस्क पुसली तरी बोर्डावर राहणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘एमएसडीएम’ नावाच्या तक्त्यात लिहून ठेवतात. लिनक्सच्या सिस फोल्डरमध्ये फर्मवेअर, त्यात एसीपीआय आणि त्यात टेबल्स असा क्रमाने गेल्यावर या नावाची फाइल दिसली, तर त्या यंत्रासाठी विंडोजचा परवाना आधीच मोजलेला आहे. डॉस म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रात ती नसावी. असल्यास आपल्याला विंडोजचे यंत्र डॉस म्हणून दिले जात आहे, आणि किमतीची बोलणी नव्याने करायला हरकत नाही.

बिलाच्या बाबतीत भीड बाळगू नये. त्यावर पूर्ण पार्ट नंबर, सिरियल नंबर आणि ‘फ्रीडॉस’ किंवा ‘उबुंटू’ असा ओएसचा उल्लेख करून मागावा. ‘लॅपटॉप १ नग’ एवढेच लिहिलेले बिल वॉरंटीच्या वेळी आणि तक्रारीच्या वेळी दोन्हीकडे निरुपयोगी ठरते.

विंडोजसहच घ्यावा लागला तर

हवे ते यंत्र विंडोजशिवाय मिळालेच नाही, तर परताव्याचा मार्ग उरतो. तो कष्टाचा आहे. विंडोजच्या परवान्याच्या मजकुरातच असे लिहिलेले असते की अटी मान्य नसतील तर वापर करू नये आणि परतीच्या धोरणासाठी उत्पादकाशी किंवा यंत्रावर विंडोज बसवून देणाऱ्याशी संपर्क साधावा. मात्र ते धोरण संपूर्ण यंत्र परत करायलाही सांगू शकते, अशी पुस्तीही तिथेच जोडलेली आहे. या वाक्याच्या आधारे १५ फेब्रुवारी १९९९ रोजी अमेरिकेत लिनक्स वापरणाऱ्यांनी ‘विंडोज रिफंड डे’ पाळला होता. इटलीत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एचपीविरुद्धच्या खटल्यात ग्राहकाला परताव्याचा हक्क मान्य केला, आणि २०२० मध्ये मोंझा येथील न्यायालयाने परतावा टाळत राहिलेल्या लेनोवोला २०,००० युरो भरपाई द्यायला लावली. याउलट युरोपीय संघाच्या न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ च्या निकालात, सॉफ्टवेअर आधीच बसवून संगणक विकणे ही प्रथा तेवढ्यानेच अनुचित ठरत नाही, असे म्हटले. तेव्हा ‘परदेशात सगळीकडे पैसे परत मिळतात’ हा समज बरोबर नाही.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४१) मध्ये प्रतिबंधक व्यापारी प्रथेची व्याख्या आहे, आणि एक वस्तू घेण्यासाठी दुसरी वस्तू घेण्याची अट घालणे तिच्यात येते. विंडोजचा परवाना त्या अटीत बसतो असा युक्तिवाद करता येतो. मात्र पैसे मिळतीलच असे धरून खरेदी करू नये. प्रयत्न करायचा असेल तर यंत्र पहिल्यांदा सुरू करतानाच व्हिडिओ घ्यावा, परवाना मान्य करण्याचे बटण दाबू नये, यंत्र तिथेच बंद करावे आणि त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करावा. ईमेलमध्ये बिलाची प्रत, सिरियल नंबर, अटी अमान्य असल्याचे एक स्पष्ट वाक्य आणि परताव्याची मागणी एवढेच असावे. फोनवरच्या आश्वासनांना किंमत देऊ नये. उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि तेथेही काम झाले नाही तर आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. हा मार्ग अधिक लोकांनी चोखाळावा असे मला मनापासून वाटते, कारण तक्रारी नोंदल्याच गेल्या नाहीत तर ही अडचण कंपन्यांच्या हिशेबात कधी येणारच नाही.

दोन आडवाटा

पहिली जुन्या लॅपटॉपची. कंपन्यांनी भाडेपट्टा संपल्यावर काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड आणि एलिटबुक यांचा परवाना पहिल्या मालकाने केव्हाच भरलेला असतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी व टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रे स्वस्तात निघत आहेत आणि लिनक्सवर ती उत्तम चालतात. घेताना बायोसला पासवर्ड नाही, बॅटरीची मूळ क्षमता किती उरली आहे आणि बिजागऱ्या सैल नाहीत, एवढे तरी पाहावे.

दुसरी वाट परदेशातून आणण्याची. अमेरिकेतील सिस्टिम७६ आणि जर्मनीतील टक्सीडो या कंपन्या लिनक्स बसवलेलेच लॅपटॉप विकतात. अठरा वर्षांवरील प्रवाशाला सामानात एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो, त्यामुळे डेन्व्हर किंवा म्युनिककडून सुट्टीला घरी येणारी भाची-पुतणे मंडळी तो आणू शकतात. कुरिअरने मागवल्यास कर लागतो. दोन्ही प्रकारांत दुरुस्तीची सोय इथे नसते हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा.

घरी आणल्यावर

डॉसच्या यंत्रावर लिनक्स बसवताना संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडावा. जपण्यासारखे त्यात काही नसते. बसवण्याच्या प्रोग्रॅमला डिस्कच दिसली नाही तर दोष बहुधा इंटेलच्या व्हीएमडी किंवा आरएसटी या डिस्क हाताळण्याच्या रचनेचा असतो, आणि बायोसमध्ये ती बंद केली की डिस्क दिसू लागते. एसरच्या अनेक यंत्रांत हा पर्याय लपवलेला असतो: बायोसच्या मुख्य पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावरच तो प्रकट होतो. सिक्युअर बूट (मान्यताप्राप्त सही असलेलीच ओएस सुरू होऊ देणारी सोय) बंद करण्याची मात्र गरज नाही. उबुंटू, फेडोरा आणि २०१९ पासून डेबियनही त्याच्यासह चालतात. वाय-फाय दिसेना झाले तर फोन यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावे आणि अद्ययावत कर्नेल उतरवून घ्यावा.

विंडोजसहच्या यंत्रावर दोन्ही ओएस ठेवायच्या असतील, तर काहीही बदलण्याआधी बिटलॉकरची (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी किल्ली कागदावर उतरवून घ्यावी, आणि व्हीएमडी सरळ बंद करू नये. तसे केल्यास विंडोज सुरू होत नाही. विंडोज पुसूनच टाकायचे असेल तरी परवाना हातचा जात नाही, कारण किल्ली फर्मवेअरमध्येच राहते आणि पुढे यंत्र विकताना तिचा उपयोग होतो.

वॉरंटीच्या बाबतीत, दुसरी ओएस बसवल्याने पडदा, कीबोर्ड किंवा बोर्डाची वॉरंटी सहसा जात नाही. तरी सर्व्हिस सेंटरमधला तंत्रज्ञ ‘आधी विंडोज टाकून आणा’ म्हणण्याची शक्यता असते. अशा वेळी कंपनीची स्वतःची तपासणी बायोसमधून चालवून दाखवावी. डेल, एचपी आणि लेनोवोच्या बऱ्याच यंत्रांत ती ओएसशिवाय चालते, आणि तिने दिलेला त्रुटीचा क्रमांक तंत्रज्ञाला नाकारता येत नाही. सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी तो क्रमांक आणि पडद्याचा फोटो ईमेलने पाठवून तक्रार क्रमांक घेऊन ठेवावा.

शेवटी मराठी टंकनाची सोय. जीनोम या उबुंटू-फेडोराच्या नेहमीच्या डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये कीबोर्ड उघडून इनपुट सोर्समध्ये मराठी जोडले की इनस्क्रिप्ट लगेच मिळते. उच्चारानुसार लिहिण्याची सवय असेल तर आयबस आणि एम१७एन ही पॅकेजे बसवून त्यातील मराठी फोनेटिक निवडावे, एकदा लॉगआउट करून परत यावे आणि लिबरऑफिसमध्ये ‘र्‍या’, ‘ॲ’ आणि ‘ऱ्ह’ नीट उमटतात का ते पाहावे.